रेफरल मागण्याआधी: माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीतून मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांपर्यंत

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते, म्हणजे काही चुकीचे समजले असेल तर पुढचे सगळे बाजूला ठेवता येईल. तुम्ही संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहात. गेल्या तीन महिन्यांत तुम्ही तुमच्याच विद्यापीठातून शिकून गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन आणि मेटा या कंपन्यांत गेलेल्या १४० जणांना लिंक्डइनवर एकच मजकूर पाठवून रेफरल, म्हणजे त्यांच्या कंपनीत तुमचे नाव सुचवणारी शिफारस, मागितले. त्यांपैकी ९ जणांनी उत्तर दिले. दोघांनी ‘कोणत्या पदासाठी, जॉब आयडी (म्हणजे जाहिरातीतल्या पदाचा क्रमांक) काय’ असे विचारले. त्यावर तुम्ही ‘कोणतेही पद चालेल’ असे कळवले आणि तिथून पुढे सगळे सामसूम झाले. विद्यापीठाचे नाव मोठे नाही म्हणून असे होते का, आणि जो तो ‘नेटवर्किंग करा’ असे सांगतो तेव्हा नेमके करायचे काय, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोळा वर्षे सॉफ्टवेअर अभियंता म्हणून काम करते आहे आणि त्यातली अकरा वर्षे दोन मोठ्या कंपन्यांत गेली आहेत. या काळात मी मुलाखती घेतल्या, रेफरल दिली, त्याहून जास्त वेळा नाकारली, आणि माझ्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघातर्फे दर वर्षी काही विद्यार्थ्यांशी बोलतेही. म्हणजे तुमचा मेसेज ज्यांच्याकडे जातो त्या १४० जणांपैकीच मी एक आहे असे समजा. खालचे उत्तर त्या बाजूने लिहिलेले आहे.

विद्यापीठाच्या नावाचा मुद्दा आधी बाजूला काढते. नावाचा फरक मुळीच पडत नाही असे मी म्हणणार नाही, कारण कंपन्या थेट भरतीसाठी मोजक्याच विद्यापीठांत जातात आणि बाकीच्यांना अर्जाच्या रांगेत उभे राहावे लागते. पण ज्या विद्यापीठाचे १४० लोक या चार कंपन्यांत सापडतात तिथे ओळखींची वानवा आहे, हे काही पटत नाही. शिवाय सरसकट पाठवलेल्या एकाच मजकुराला १४० पैकी ९ अनोळखी माणसांनी, म्हणजे शंभरातल्या सहा-सात जणांनी उत्तर देणे, हे प्रमाण वाईट म्हणता येणार नाही. अडचण त्या नऊ जणांच्या उत्तरानंतर आली, आणि तिचे कारण तुम्ही जे मागितले त्यातच आहे.

रेफरल देणाऱ्याच्या पडद्यावर काय दिसते ते सांगते. कंपनीच्या आतल्या पोर्टलवर एक फॉर्म उघडतो. उमेदवाराचे नाव, ईमेल, रेझ्युमे आणि जॉब आयडी भरून झाला की खरे प्रश्न सुरू होतात: या व्यक्तीला तुम्ही कसे ओळखता? किती काळापासून? एकत्र काम केले आहे का? या पदासाठी ही व्यक्ती योग्य आहे असे तुम्हाला कशावरून वाटते? कंपनीगणिक शब्द वेगळे असतात, काही ठिकाणी पर्यायांवर खूण करायची असते तर काही ठिकाणी रिकामी चौकट असते, पण विचारणा साधारण हीच. तुमचा मेसेज वाचून एखाद्याला तुमच्याबद्दल आपुलकी वाटली, मदत करावीशी वाटली, तरी त्या चौकटीत लिहिण्यासारखे त्याच्याजवळ काहीही नसते. ‘आम्ही एकाच विद्यापीठात, पण सात वर्षांच्या अंतराने शिकलो’ एवढेच तो खरेपणाने लिहू शकतो. रेफरल ही एका अर्थाने साक्ष आहे, आणि ज्याने काही पाहिलेलेच नाही त्याच्याकडे तुम्ही साक्ष मागत होता.

पहिल्या मोठ्या कंपनीत रुजू होऊन वर्ष झाले असताना मी ही चूक स्वतः केली आहे. एका विद्यार्थ्याने फार अजिजीने लिहिले, मला नाही म्हणवले नाही, आणि त्या चौकटीत मी ‘अत्यंत हुशार व मेहनती’ असे लिहून टाकले. तीन दिवसांनी रिक्रूटरचा, म्हणजे कंपनीत भरतीचे काम पाहणाऱ्या व्यक्तीचा, फोन आला आणि तिने अगदी सहज विचारले, ‘यांचे कोणते काम तुम्ही पाहिले आहे?’ मी म्हटले, ‘रेझ्युमे वाचला आहे.’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग ‘ठीक आहे, धन्यवाद’. त्या विद्यार्थ्याला पुढे बोलावणे आले नाही. पण मला जास्त लागले ते पाच-सहा महिन्यांनी, जेव्हा मी ज्या मैत्रिणीसोबत दोन वर्षे खरोखर काम केले होते तिचे नाव सुचवले आणि त्याच रिक्रूटरने हसत विचारले, ‘यांना तरी ओळखता ना?’ तेव्हापासून मी अनोळखी माणसाला रेफरल देत नाही. कंपनीत काही वर्षे काढलेल्या बहुतेकांच्या गाठीशी असा एखादा प्रसंग असतो, आणि तुम्हाला उत्तर न देणाऱ्या १३१ जणांत असे बरेच असणार.

रेफरलकडून किती अपेक्षा ठेवावी, हेही इथेच सांगायला हवे. हजारो अर्जांच्या ढिगातून तुमचा रेझ्युमे माणसाच्या नजरेखाली लवकर येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. त्यापुढची वाट सगळ्यांना सारखीच असते. नवोदितांसाठी बहुधा आधी ऑनलाइन प्रोग्रॅमिंग चाचणी असते आणि रेफरल आहे म्हणून तीतून सुटका होत नाही. गूगलमध्ये मुलाखत घेणारे आपले अभिप्राय लिहून देतात आणि ज्यांनी उमेदवाराला पाहिलेलेही नाही अशा लोकांची हायरिंग कमिटी ते वाचून आपले मत देते, ही पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. ॲमेझॉनमध्ये मुलाखत घेणाऱ्यांत ‘बार रेझर’ नावाची एक व्यक्ती असते. ती मुद्दाम भरती करणाऱ्या टीमच्या बाहेरची असते आणि तिचा नकार सहसा डावलता येत नाही. ओळखीच्या माणसाचा निर्णयावर प्रभाव पडू नये यासाठीच अशा व्यवस्था आहेत. त्यामुळे ‘त्यांनी मनावर घेतले तर मला लावून देतील’ ही समजूत मनातून काढून टाका. अशा समजुतीने लिहिलेला मेसेज वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

मग माजी विद्यार्थ्यांची ओळख कशासाठी करायची? याचे मला सर्वांत पटलेले उत्तर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये कमकुवत ओळखींच्या बळावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले होते, की ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली त्याला तुम्ही त्या सुमारास किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा किंवा अधिक भेटणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे २७.८ टक्के. पाहणी लहान होती, टक्केवारी जेमतेम ५४ जणांची आहे, पण तिच्यामागचा विचार टिकला. आपले जवळचे मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना जे कळते ते आपल्याला बहुधा आधीच कळलेले असते. नवी खबर येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या, आपल्याला जुजबी ओळखणाऱ्या माणसाकडून.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच कल्पनेची फार मोठ्या प्रमाणावरची तपासणी प्रसिद्ध झाली. लिंक्डइनवर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ अशा ज्या सूचना येतात त्यांत पाच वर्षांच्या काळात प्रयोग म्हणून बदल करून, दोन कोटींहून अधिक सदस्यांच्या ओळखी आणि नोकरीबदल त्यात अभ्यासले गेले. कमकुवत ओळखी नोकरी बदलायला खरोखर उपयोगी पडतात असे दिसले, पण एका मर्यादेपर्यंतच. सर्वाधिक फायदा मध्यम-कमकुवत ओळखींचा झाला आणि अगदीच नावापुरत्या ओळखींचा त्याहून कमी. डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत कमकुवत ओळखींचा हा परिणाम अधिक ठळक होता. तुमच्या दृष्टीने यातली मर्यादेची गोष्ट महत्त्वाची आहे. ओळख कमकुवत असली तरी चालते, पण ती असावी लागते. १४० जणांना गेलेला एकच मेसेज ही ओळख नव्हे. एका माणसाशी वीस मिनिटांचे बोलणे आणि त्यानंतरचे दोन ईमेल, एवढ्यावर मात्र ती तयार होते.

माझी दुसरी नोकरी मला अशाच माणसामुळे मिळाली. विद्यापीठात ते माझ्यापुढे चार वर्षे होते. आमच्या प्रयोगशाळेत ते एकदा व्याख्यानाला आले आणि नंतर मी त्यांना माझ्या प्रबंधातल्या एका आलेखाबद्दल विचारले होते, एवढाच संबंध. दोन वर्षांनी मी त्यांना लिहिले तेव्हा त्यांना माझे नाव आठवत नव्हते, आलेख आठवत होता. त्यांनी रेफरल दिले तेही नंतर. आधी त्यांनी सांगितले की मी ज्या टीमकडे अर्ज करणार होते ती दोन महिन्यांत दुसऱ्या विभागात विलीन होणार आहे, तेव्हा तिथे अर्ज करू नका आणि शेजारच्या टीमची जाहिरात येईपर्यंत थांबा. अशी माहिती कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही. माजी विद्यार्थ्याकडे देण्यासारखे मुख्यतः हेच असते. कोणत्या टीमचे काम खरोखर वाढते आहे, जाहिरातीतल्या दहा अटींपैकी कोणत्या तीन खऱ्या आहेत, नवोदिताला पहिल्या सहा महिन्यांत काय करावे लागते, हे सांगायला त्याला फॉर्म भरावा लागत नाही, कुणापुढे शब्द टाकावा लागत नाही आणि रिक्रूटरच्या फोनची धास्ती नसते. म्हणून सुरुवात याच मागणीने करा.

आता माणसे कशी निवडायची ते पाहू. लिंक्डइनवर विद्यापीठाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो आणि तिथे ते कुठे काम करतात, काय काम करतात, काय शिकले आणि कोणत्या वर्षांत शिकले, यांवरून यादी गाळता येते. बहुतेक विद्यार्थी फक्त कंपनीचे नाव टाकून थांबतात. तुम्ही कामाचे स्वरूप आणि वर्षेही वापरा. तुमच्या आधी एक ते चार वर्षांत बाहेर पडलेल्यांना चाचणीची तयारी, पहिला रेझ्युमे, पहिल्या महिन्यांतली धांदल हे सगळे ताजे आठवत असते आणि त्यांना फारसे कुणी विचारतही नाही, त्यामुळे ते मोकळेपणाने बोलतात. आठ-दहा वर्षे झालेल्यांना कोणत्या टीमला माणसे हवी आहेत याचा अंदाज असतो. संचालक किंवा उपाध्यक्ष अशा पदांवरच्या मंडळींना सुरुवातीला लिहू नका; ते गर्विष्ठ असतात म्हणून नव्हे, तर नवोदितांच्या भरतीशी त्यांचा रोजचा संबंध सुटलेला असतो आणि त्यांच्याकडे मेसेजचा ढीग साचलेला असतो. एक गट मात्र सगळे विसरतात, तो म्हणजे नुकतीच ती कंपनी सोडून गेलेल्यांचा. त्यांना रेफरल देता येत नाही, त्यामुळे त्यांना कुणी लिहीत नाही, पण कंपनीबद्दल सर्वांत स्पष्ट ऐकायला मिळते ते त्यांच्याकडूनच. १४० ऐवजी पंधरा माणसे निवडा आणि प्रत्येकाचे प्रोफाइल, त्याने दिलेली व्याख्याने, त्याचे उघड उपलब्ध असलेले काम यांवर अर्धा-पाऊण तास घालवा.

मेसेज कसा असावा हे नियम सांगून कळत नाही, म्हणून मला आलेल्या एका मेसेजचा आशय देते. मी स्टोरेज प्रणालींवर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या प्रणालींवर, काम करते आणि तो साधारण असा होता (त्यातला की-व्हॅल्यू स्टोअर म्हणजे खुणेच्या नावावरून माहिती साठवणारा आणि परत देणारा प्रोग्रॅम, आणि कॉम्पॅक्शन म्हणजे त्याच्या जुन्या फायली एकत्र करून आटोपशीर करणे): ‘नमस्कार. मी आपल्याच विभागात शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून मी एक छोटा की-व्हॅल्यू स्टोअर लिहिला आहे. पार्श्वभूमीला कॉम्पॅक्शन सुरू झाले की त्यात वाचनाला लागणारा वेळ एकदम वाढतो. कॉम्पॅक्शनच्या वेगाला मर्यादा घातल्यावर तो कमी झाला, पण जुन्या फायली साचू लागल्या. अशा प्रकारचे काम करायचे असेल तर पहिल्या नोकरीत कोणत्या टीम शोधाव्यात, याबद्दल आपण वीस मिनिटे बोलू शकाल का? वेळ नसल्यास दोन ओळींचे उत्तरही पुरेसे आहे.’

मी त्याच संध्याकाळी उत्तर दिले, आणि खरे सांगायचे तर टीमबद्दल नंतर लिहिले, आधी ‘मर्यादा किती ठेवली होती’ असे विचारले. साचलेल्या जुन्या फायली आणि वाचनाचा वेळ यांच्यातली ही ओढाताण माझ्या रोजच्या कामातली आहे आणि ती भोगलेला माणूस मला शब्दांवरून ओळखू येतो. त्या मेसेजमध्ये स्तुती नव्हती, गुणांची टक्केवारी नव्हती, रेझ्युमे जोडलेला नव्हता, रेफरल हा शब्दच नव्हता. मागणी लहान होती आणि नाही म्हणण्याची सोय होती. लिंक्डइनवर जोडणीच्या विनंतीसोबत फार थोडी अक्षरे लिहिता येतात, तेव्हा तिथे तुम्ही कोण आणि काय काम केले आहे हे पहिले दोन मुद्देच लिहावेत आणि बाकीचे विनंती स्वीकारल्यावर. उत्तर आले नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करावी आणि त्यानंतर तो विषय सोडून द्यावा.

बोलण्याची वेळ ठरली तर ती तुम्ही सांभाळा. वीस मिनिटे मागितली असतील तर अठराव्या मिनिटाला ‘वेळ होत आली आहे’ असे म्हणा. समोरच्याला हवे असेल तर तोच पुढे बोलेल. जे इंटरनेटवर सापडते ते विचारू नका. ‘तुमची टीम काय करते’ यापेक्षा ‘तुमच्या टीममध्ये गेल्या वर्षी आलेल्या नवोदिताला पहिले काम काय दिले होते’ हा प्रश्न कितीतरी अधिक सांगून जातो. ‘माझा प्रकल्प तुमच्या मुलाखतीत मी सांगितला तर तुम्ही त्यात कुठे बोट ठेवाल’ हाही चांगला प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर देताना समोरची व्यक्ती तुमच्या कामात शिरते. पगाराचा आकडा पहिल्याच भेटीत विचारू नये. मुलाखतीत विचारलेले नेमके प्रश्न तर कधीच विचारू नयेत. मुलाखतकारांवर गोपनीयतेचे बंधन असते आणि ते मोडायला सुचवणाऱ्या माणसाचे नाव कुणी पुढे करत नाही. बोलणे संपताना ‘यावर आणखी कुणाशी बोलावे असे तुम्हाला वाटते’ एवढे विचारा. आमच्या संघातर्फे ज्यांच्याशी मी बोलले त्यांच्यापैकी ज्यांच्या ओळखी खऱ्या अर्थाने वाढल्या, त्या बहुतेक या एका प्रश्नामुळे वाढल्या.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळे गाळतात. त्याच दिवशी दोन ओळींत आभार माना हे तर झालेच, पण तीन-चार आठवड्यांनी सल्ल्याचे काय झाले ते कळवा. ‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोजमापे सरासरीऐवजी ९९व्या पर्सेंटाइलवर (म्हणजे शंभरातल्या सर्वांत संथ एकाकडे लक्ष ठेवून) घेतली आणि समस्या वेगळीच निघाली’ असा ईमेल आला की मला त्या विद्यार्थ्याबद्दल एक गोष्ट ठामपणे माहीत होते: याला सांगितलेले हा करून पाहतो. रेफरलच्या त्या चौकटीत लिहिण्यासारखे आता माझ्याजवळ काहीतरी असते. कुणाशी कधी बोललात, त्यांनी काय सुचवले, तुम्ही काय कबूल केलेत, याची एक साधी नोंदवही ठेवा. पंधरा माणसांच्या बाबतीतही डोक्यावर विसंबलात तर घोळ होतो.

आता रेफरल मागण्याची वेळ. इथे तुमच्या ‘कोणतेही पद चालेल’ या उत्तराकडे वळते, कारण जवळपास हातात आलेली गोष्ट तिथे निसटली. तुम्ही ते नम्रतेने लिहिले असणार, याची मला खात्री आहे. पण वाचणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागतो की आता कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन शेकडो जाहिरातींतून या मुलासाठी योग्य पद मीच शोधायचे आहे. दिवसभराच्या कामानंतर ते कुणी करत नाही. त्यांनी जॉब आयडी मागितला म्हणजे ते फॉर्म भरायला तयार होते. त्याऐवजी एक, फार तर दोन जॉब आयडी, त्या पदाला साजेसा रेझ्युमे, आणि फॉर्ममध्ये थोड्या बदलाने वापरता येतील अशा तीन-चार ओळी पाठवायच्या. त्या ओळी खऱ्या असाव्यात. ‘यांच्यासोबत काम केलेले नाही, यांच्या स्टोरेज प्रकल्पावर दोनदा सविस्तर चर्चा झाली, सुचवलेली मोजमापे यांनी स्वतः घेऊन निष्कर्ष बदलला’ हे वाक्य ‘अत्यंत हुशार व मेहनती’पेक्षा रिक्रूटरच्या नजरेत अधिक भरते, हे मी दोन्ही लिहून पाहिलेले आहे. मागतानाही ‘माझ्याबद्दल लिहिण्याइतकी माझी ओळख आहे असे तुम्हाला वाटत असेल तर’ असे शब्द वापरा, म्हणजे समोरच्याला अवघडल्याशिवाय नाही म्हणता येते.

एक तांत्रिक बाब सांगून ठेवते. अनेक कंपन्यांत तुम्ही स्वतः आधी अर्ज केला असेल तर त्याच अर्जाला नंतर रेफरल जोडता येत नाही. म्हणून ज्या पदासाठी कुणाशी बोलणे चालू आहे तिथे घाईने अर्ज टाकू नका, आणि उलट बाजूने, उत्तराची वाट पाहत जाहिरात बंद होऊ देऊ नका. आठवडाभर थांबावे आणि मग स्वतः अर्ज करून मोकळे व्हावे.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग मोठा आहे. मोठ्या कंपन्यांची भरती एकसारखी चालत नाही. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ११,००० लोकांना कमी केले. त्यापाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० पदे कमी करण्याचे जाहीर केले, तर ॲमेझॉनचा आकडा १८,००० च्या पुढे गेला. त्या महिन्यांत माझ्या रेफरलना ‘पद रद्द झाले आहे’ याखेरीज उत्तर येत नव्हते, आणि त्यात उमेदवारांचा काही दोष नव्हता. तुम्हाला दुसऱ्या देशातले पद हवे असेल तर कामाच्या परवान्याचा प्रश्न रेफरलच्याही आधी येतो, तेव्हा तो पहिल्याच संभाषणात उघड सांगा. काही कंपन्यांत नवोदितांची भरती मध्यवर्ती पद्धतीने होते आणि टीम नंतर ठरते. तिथे विशिष्ट टीमच्या माणसाच्या शब्दाला फार वजन नसते. तीन-चार वर्षांचा अनुभव असलेल्याचे गणित निराळे, कारण तिथे रेफरल देणारा थेट भरती करणाऱ्या व्यवस्थापकाशी बोलू शकतो. आणि स्वभावाने तुम्ही अबोल असाल तर फोनऐवजी लेखी संवादाचा मार्ग घ्या. माझ्या सर्वांत चांगल्या ओळखींपैकी दोघांचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता.

काही जण पैसे घेऊन रेफरल ‘मिळवून’ देतात, हेही तुमच्या कानावर आले असेल. कर्मचाऱ्याने सुचवलेला उमेदवार रुजू झाला तर अनेक कंपन्या त्याला बक्षीस देतात, त्यामुळे कुणालाही डोळे झाकून सुचवणारे सापडतात आणि त्यावर पोट भरणारे मध्यस्थही. त्यांच्या वाटेला जाऊ नका. हे कंपन्यांच्या नियमांत बसत नाही, आणि ज्याने शेकडो अनोळखी नावे सुचवली आहेत त्याच्या साक्षीची किंमत रिक्रूटरला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

ज्यांना माजी विद्यार्थी कमी सापडतात त्यांनी, आणि तुम्हीही, विद्यापीठाची व्याख्या थोडी रुंद करावी. तुमच्या प्रकल्प मार्गदर्शकांकडे पूर्वी काम केलेले विद्यार्थी, तुमच्या प्रयोगशाळेतून पुढे संशोधनाला गेलेले, एक सत्र एकत्र शिकून दुसरीकडे गेलेले, हे सगळे त्यात येतात आणि त्यांना लिहिताना मेसेजची पहिली ओळ आपोआप सुचते. मुक्त स्रोत प्रकल्पांत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा प्रकल्पांत, काम केल्यानेही अशीच ओळख होते. नवोदितांना अशा प्रकल्पांत काम करायला मिळावे म्हणून गूगलने २००५ पासून चालवलेल्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या कार्यक्रमात मार्गदर्शक त्या त्या प्रकल्पाचे असतात, गूगलचेच असतील असे नाही, पण तुमचा कोड ओळीओळीने तपासलेला माणूस तुमच्याबद्दल जे लिहू शकतो ते कोणताही सिनिअर लिहू शकणार नाही.

आता तुमच्या हातात आज जे आहे त्याबद्दल. ज्या १३१ जणांनी उत्तर दिले नाही त्यांना पुन्हा लिहू नका. पुढे कधी कामासंबंधी खरा प्रश्न असला तर त्यांपैकी एखाद्याला नव्याने लिहिता येईल. उत्तर दिलेल्या नऊपैकी जॉब आयडी न मागणाऱ्या सात जणांना रेफरलची मागणी मागे घेत असल्याचे एका वाक्यात कळवा आणि प्रत्येकाच्या कामाशी जोडलेला एकच प्रश्न विचारा. ज्या दोघांनी जॉब आयडी मागितला होता त्यांना मात्र या आठवड्यातच उत्तर द्या. ‘तेव्हा मी पद निश्चित केले नव्हते, ते माझे चुकले. आता या एका पदासाठी तयारी केली आहे. माझा प्रकल्प पाहून त्यासाठी मी योग्य वाटतो का, हे आपण सांगू शकाल का?’ एवढे लिहा, जॉब आयडी द्या, प्रकल्पाचा दुवा जोडा. प्रकल्प उघडल्यावर पहिल्या पानावर तो काय करतो, कसा चालवायचा आणि त्यात अजून काय जमलेले नाही हे लिहिलेले असू द्या. मी तरी कोणताही प्रकल्प पाहायला घेतला की आधी तो शेवटचा भागच वाचते.